घरपट्टीचे बिल कसे वाचावे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात इगतपुरी येथे दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मंडळाने आम्हांस दिले, तेव्हा कोणी संतचरित्र सुचविले, कोणी मुलांचे संगोपन. दोन्ही विषय थोर आहेत. परंतु त्यांवर आमच्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ बोलून गेले आहेत. आम्ही घरपट्टी हा विषय घेतला. त्याचे कारण असे की, आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांची जन्माची पुंजी त्यांच्या राहत्या घरात असते, आणि त्या घराविषयी दरसाल येणारा कागद आपण न वाचता घडी घालून देवघराच्या फळीवर ठेवतो. आम्ही कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला आणि त्रैराशिक, शेकडेवारी व क्षेत्रफळ शिकविण्यात हयात गेली. घरपट्टी समजण्यास एवढी विद्या पुरते, हेच आज दाखवावयाचे आहे.

घरपट्टीविषयी आपल्याकडे जो बोभाटा होतो तो बहुधा दराचा असतो. ‘यंदा दर वाढविला’, ‘शेजारच्या गावात दर कमी आहे’, ही वाक्ये आपण ओट्यावर बसून नेहमी ऐकतो. आमचे म्हणणे असे की, दर हा घरपट्टीतील सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. दर सर्व गावास एकच असतो. त्यासाठी कायद्याने घातलेल्या मर्यादा असतात आणि तो नगरपरिषदेच्या ठरावाने होतो. परंतु दर ज्या आकड्यावर लागतो तो आकडा प्रत्येक घराचा निराळा असतो. चूक झाली तर तेथे होते, आणि ती सुधारून घेण्याचे काम ज्याचे त्याचेच असते.

नगरपालिका ही संस्था आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुजली. १८५० च्या कायद्याने गावांना ती मुभा दिली आणि १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने तिला जोर आला. त्या काळी कर देणाऱ्यांच्या पैशाची चौकशी करणारी माणसे थोडी होती, पण होती. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८३ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चावे या सूचनेस त्यांनी एकट्याने विरोध केला होता. आज आपल्या इगतपुरीस लागू आहे तो १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम. १९९९ साली नगरपरिषदांची जकात उठली. तेव्हापासून सरकारी अनुदान सोडले तर नगरपरिषदेचे स्वतःचे असे मोठे उत्पन्न म्हणजे घरपट्टी. गावातील दिवे, गटारे, झाडलोट यांचा भार तिच्यावर आहे, हे विसरून नुसती तक्रार करणेही बरे नव्हे.

आता बिल समोर धरा. पहिली गोष्ट, त्यावर एक कर नसून करांचा समूह असतो. कायद्यात त्यास संकलित मालमत्ता कर म्हणतात. सर्वसाधारण कर, सर्वसाधारण पाणीकर, दिवाबत्ती कर आणि स्वच्छता कर मिळून तो होतो. नळाची पाणीपट्टी याहून वेगळी; ती नळजोडाबद्दल असते. दोन्ही कागदांवर ‘पाणी’ हा शब्द पाहून एकच रक्कम दोनदा घेतली असे अनेकांस वाटते, तो गैरसमज आहे. याखेरीज त्याच बिलात राज्य शासनासाठी वसूल केलेल्या रकमा असतात. त्यांत मुख्य शिक्षण कर होय. तो १९६२ च्या कायद्याने बसला. राहत्या घरास तो मूल्याच्या पायऱ्यांप्रमाणे शेकडा २ पासून ६ पर्यंत असतो, आणि दुकान वा कचेरीस त्याच्या दुप्पट. बिगरनिवासी वापरावर रोजगार हमीचा करही असतो. या रकमा नगरपरिषद गोळा करते आणि शासनाकडे भरते. वृक्ष कर, अग्निशमन कर आणि घनकचऱ्याचे शुल्क अशा आणखी ओळीही बिलावर दिसतील. त्यांत फार वेळ घालविण्याचे कारण नाही.

वेळ घालवावयाचा तो ‘करयोग्य मूल्य’ या शब्दांपाशी. कायद्याची कल्पना अशी: तुमचे घर एका वर्षासाठी भाड्याने दिले असता वाजवी भाडे किती येईल, ते पाहावे. तुम्ही ते भाड्याने दिले नसले तरी हरकत नाही, कल्पना करावयाची. या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीखर्चाबद्दल शेकडा १० वजा करावे. उरते ते करयोग्य मूल्य. भाडे ठरविताना घर कोणत्या भागात आहे, बांधणी सिमेंट-काँक्रीटची आहे की साध्या विटांची वा पत्र्याची, बांधून किती वर्षे झाली आणि वापर राहण्याचा आहे की धंद्याचा, या गोष्टी पाहतात. हे आकडे कारकून मनाने घालतो असे समजू नये. यादी तपासण्यासाठी शासनाच्या नगररचना खात्याचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी असतो.

एक उदाहरण फळ्यावर मांडू. दर केवळ समजण्यापुरता धरला आहे. ५० चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ५३८ चौरस फुटांचे घर. दरमहा भाडेदर चौरस मीटरला २० रुपये समजा. महिन्याचे १,००० झाले, वर्षाचे १२,०००. त्यातून १,२०० वजा; करयोग्य मूल्य १०,८००. संकलित कर शेकडा २५ समजू. कर २,७०० रुपये. आता नगरपरिषदेने दर २५ चा २६ केला, तर कर किती वाढेल? १०८ रुपये. पण समजा, दर तोच राहिला आणि मोजणी करणाऱ्याने मागील पडवी, जी मागच्या पावसाळ्यात पडली आणि आपण काढून टाकली, ती धरून ५० ऐवजी ६५ चौरस मीटर लिहिले. मग वार्षिक भाडे १५,६००, वजा १,५६०, करयोग्य मूल्य १४,०४०, आणि कर ३,५१० रुपये. फरक ८१० रुपयांचा, तोही दरसाल. एका टक्क्याच्या दरवाढीवर आपण सभा भरवितो आणि १५ मीटरच्या चुकीकडे पाहतही नाही.

वापराची चूक याहून वाईट. त्याच घरातील पुढची १२ चौरस मीटरची खोली ‘दुकान’ म्हणून नोंदली आणि दुकानाचा दर दुप्पट धरला, तर कर ६४८ रुपयांनी वाढतो. शिक्षण कराची वाढ वेगळी. आमच्या आप्तांत एक वृद्ध विधवा बाई आहेत. गाव दुसरे आहे, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. यजमानांचे पुढील खोलीत किराणा दुकान होते. ते वारल्यावर दुकान बंद झाले. त्या खोलीत आता त्यांची खाट आणि शिवणयंत्र असते, तेही स्वतःचे कपडे उसविण्या-शिवण्यापुरते. कागदावर मात्र दुकान चालूच राहिले. मध्यंतरी नव्या आकारणीच्या दोन नोटिसा येऊन गेल्या. बाईंनी त्या जपून ठेविल्या होत्या, एकही न वाचता. अकरा वर्षांनी पुतण्याने विजेचे घरगुती बिल आणि खोलीचे छायाचित्र जोडून हरकत घेतली. अधिकारी येऊन पाहून गेले आणि ‘दुकान’ हा शब्द निघाला. पुढील बिल कमी आले. मागील अकरा वर्षांचा पैसा परत आला नाही. मोलकरणीच्या पगारात काटकसर करून भरलेला तो पैसा होता, म्हणून मुद्दाम सांगितले.

तेव्हा हरकत केव्हा घ्यावयाची, हे पाठ करून ठेवण्याजोगे आहे. आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने होते; लोक तिला चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. यादी तयार झाली की जाहीर नोटीस लागते. ज्यांची आकारणी प्रथम होते किंवा वाढते त्यांस स्वतंत्र नोटीस मिळते, आणि हरकतीसाठी तीस दिवसांची मुदत असते. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि सुनावणीस स्वतः जावे. सुनावणीत ‘आम्ही गरीब आहोत’ हे सांगून उपयोग नाही. तो मुद्दा तेथे चालत नाही. लांबी, रुंदी, बांधणी, वय, वापर, या पाच गोष्टींपैकी कोणती चुकली ते सांगावे आणि पुरावा दाखवावा. निर्णय पटला नाही तर अपिलाची वाट आहे. परंतु त्या वाटेवर दोन दारे आहेत: आधी मुदतीत हरकत घेतलेली असावी लागते, आणि मागितलेली रक्कम भरावी लागते. पहिले दार चुकविले की पुढचे उघडत नाही. बिल हाती आल्यावर जी भांडणे होतात ती म्हणूनच बहुतेक निष्फळ ठरतात.

येथे भगिनींस एक विनंती. मोजणी करणारी मंडळी दिवसा येतात, आणि त्या वेळी घरात बहुधा आपणच असता. ‘घरातील माणूस बाहेर गेले आहे, नंतर या’ असे सांगून त्यांस परत पाठवू नये. त्यांनी अंदाजाने लिहिले तर ते आपल्याच डोक्यावर बसते. फितीचे एक टोक आपण धरावे, लिहिलेला आकडा वाचून घ्यावा आणि स्वतःच्या वहीत टिपून ठेवावा.

काही बिलांवर ‘करयोग्य मूल्य’ याऐवजी ‘भांडवली मूल्य’ दिसते. कायद्याने ही दुसरी रीतही मोकळी ठेविली आहे. तीत भाड्याऐवजी शासनाच्या दरपत्रकाप्रमाणे मालमत्तेची किंमत पाहतात. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून ही रीत आहे. जेथे जमिनीचे भाव चढतात तेथे हिचा भार लवकर जाणवतो. आपल्या गावाशी याचा संबंध आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याआधीपासूनच मुंबईकरांची येथील जागांवर नजर आहे. भाव वाढले की आपण हरखतो. परंतु जो घर विकणार नाही त्यास त्या भावाचा रोकड लाभ काय? म्हणून बिलावर यांपैकी कोणता शब्द आहे, तो कधी बदलतो, यावर लक्ष असावे.

आता इगतपुरीचा खास प्रश्न. थळ घाटातून आगगाडी १८६५ साली वर आली आणि हे गाव रेल्वेचे झाले. आपल्यातील किती कुटुंबांचे आजोबा-पणजोबा रेल्वेच्या नोकरीने येथे स्थिरावले, ते निराळे सांगावयास नको. चाळीत व क्वार्टरात जन्म गेलेल्या माणसास घरपट्टी म्हणजे काय हे ठाऊकच नसते. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून गावात दोन खोल्या बांधतो, आणि पहिले बिल येताच चकित होतो. ‘रेल्वेची एवढी वसाहत घरपट्टी देत नाही, मग आम्हीच का?’ हा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला गेला आहे. उत्तर राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याने किंवा राज्याच्या अधिकाराखालील संस्थेने कर लावावयाचा नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. तथापि रस्ते, दिवे, सफाई यांचा लाभ तर ती मालमत्ता घेते. २००९ साली राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. तेव्हा अशा मालमत्तांनी कर नव्हे तरी सेवाशुल्क द्यावे, असे ठरले. घरपट्टीच्या प्रमाणात सर्व सेवा घेणाऱ्यांनी शेकडा ७५, काही सेवा घेणाऱ्यांनी ५० आणि कोणतीच सेवा न घेणाऱ्यांनी ३३⅓, असे ते प्रमाण आहे. त्यासाठी दोन्ही बाजूंचा करार व्हावा लागतो. म्हणजे नागरिकाने विचारावयाचा प्रश्न ‘रेल्वे घरपट्टी का देत नाही’ हा नसून ‘सेवाशुल्काचा करार झाला आहे काय, आणि त्याची किती रक्कम दरसाल जमा होते’ हा आहे. अर्थसंकल्पाच्या वेळी आपल्या नगरसेवकांस तो विचारता येतो. ज्या गावात मोठा भाग करमुक्त असतो तेथे उरलेल्या घरांवर भार अधिक पडणार, हे अंकगणित सरळ आहे.

यानंतरचा विषय नाजूक आहे. सभेत बोलू नये असे काहींस वाटेल, तरी बोलतो. आपल्यातील कित्येक घरे आजही आजोबांच्या नावावर आहेत. तीन भाऊ; एक कल्याणास, एक नाशिकास, एक येथे घरात राहून पंचवीस वर्षे घरपट्टी भरतो. येथील भावास वाटते, पावत्या आपल्याजवळ, म्हणजे घर आपले. बाहेरच्या दोघांस धास्ती, त्याने नाव लावून घेतले तर आपला हिस्सा गेला. दोघेही चुकतात. नगरपरिषदेची नोंद कर वसूल करण्यासाठी असते. ती मालकीचा निर्वाळा देत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. घरपट्टीची पावती ताबा व भरणा दाखविते, मालकी नव्हे. मालकी खरेदीखतावरून, वाटणीपत्रावरून, मृत्युपत्रावरून ठरते, आणि नगरभूमापन झाले असेल तेथे मिळकत पत्रिकेचा आधार असतो. म्हणून एका भावाने पट्टी भरली यावरून दुसऱ्याने रागावू नये; उलट पंचवीस वर्षे आपल्या वाट्याचीही रक्कम त्याने भरली, तर ती हिशेबात धरावी. मात्र नाव बदलून घेणे जरूर आहे. मृत माणसाच्या नावाची नोटीस कोणीच आपली मानीत नाही आणि तीस दिवस तशीच निघून जातात. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि थकबाकी नसल्याची पावती घेऊन सर्व वारसांची नावे एकत्र लावून घ्यावीत. हे काम भांडण होण्यापूर्वी होते. भांडणानंतर ते कचेरीत होत नाही, कोर्टात जाते.

यालाच जोडून: विनापरवाना बांधलेल्या खोलीवर नगरपरिषद घरपट्टी लावते, म्हणून ती खोली कायदेशीर झाली असे होत नाही. उलट अशा बांधकामास घरपट्टीच्या दुप्पट शास्तीची तरतूद कायद्यात आहे. ‘पट्टी लागली, आता कोण पाडतो’ असे सांगून जागा विकणारे पुष्कळ भेटतात. त्यांजपासून सावध राहावे.

थकबाकीविषयी थोडक्यात. वर्ष १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत. बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत भरणा न झाल्यास मागणीची नोटीस, त्यानंतर जप्तीचा अधिपत्र, असा क्रम आहे. त्यावर दरमहा शेकडा २ शास्ती चढते. आपल्या उदाहरणातील २,७०० रुपयांवर महिन्यास ५४, वर्षास ६४८. म्हणजे चुकून लागलेल्या दुकानाइतकाच हा दंड झाला. आपल्यातील काही मंडळी पैसा बँकेत ठेवीत ठेवून घरपट्टी मागे ठेवतात. शेकडा २४ देऊन शेकडा सात मिळविण्याचा हा व्यवहार सातवीतील मुलाने केला असता तर आम्ही त्यास पुन्हा पाढे म्हणावयास लाविले असते. हरकत चालू असली तरी भरणा ‘हक्क राखून’ असे लिहून करावा.

सवलतींची माहिती बहुतेकांस नसते. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांस मालमत्ता करातून माफी देण्याची राज्य शासनाची योजना २०२० पासून आहे. आपल्या समाजात असे चारसहा जण तरी निघतील. अर्ज केल्याखेरीज ती मिळत नाही. नोकरीनिमित्त मुंबईस गेल्यामुळे घर दीर्घकाळ रिकामे असेल तर त्याबद्दलही सूट मागता येते, परंतु घर रिकामे झाल्याचे वेळेवर लेखी कळवावे लागते; वर्षअखेर जाऊन ‘कुलूप होते’ म्हणणे पुरत नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस १ जानेवारी २०२२ पासून मिळालेली माफी ऐकून येथेही ती आहे असे अनेक जण समजतात. ती केवळ मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपुरती आहे.

आणि आपले मंडळाचे सभागृह? केवळ सार्वजनिक पूजा किंवा धर्मादाय कार्यासाठी वापरलेल्या इमारतीस माफीची तरतूद आहे. परंतु लग्नास भाड्याने दिले की ‘केवळ’ हा शब्द राहत नाही. विद्यार्थी-वसतिगृहाच्या खोल्या व भाड्याचे सभागृह यांची आकारणी वेगवेगळी करून मागावी, असे आम्ही कार्यकारी मंडळास लेखी सुचविले आहे.

ज्यांची घरे शहराच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत आहेत, त्यांस वरील पुष्कळसे लागू नाही. तेथे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम व १९६० चे कर नियम आहेत. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीनंतर तेथे आकारणी जमीन व बांधकाम यांच्या किमतीवर होते. चालू वर्षाची पट्टी ३० सप्टेंबरपूर्वी भरल्यास शेकडा ५ सूट आणि वर्षअखेर थकल्यास शेकडा ५ दंड, असा तेथील नियम आहे. महामार्गाच्या बाजूस जागा घेणाऱ्यांनी व्यवहारापूर्वी जागा कोणाच्या हद्दीत येते, हे आधी विचारावे.

उद्या सकाळी नऊ ते अकरा या वेळात आम्ही मंडपाच्या पूर्वेकडील खोलीत बसू. ज्यांस आपले बिल तपासावयाचे असेल त्यांनी ते, मागील नोटीस असल्यास ती, आणि घराची लांबी-रुंदी मीटरमध्ये लिहून आणावी. मीटरची फीत शाळेतील जुनी आहे, ती आमच्याकडे मिळेल. मात्र मोजून झाल्यावर परत आणून द्यावी.